हिमसुट्टीच्या दिवशीचा तिसरा तास

मला नोकरीत कायम केलं. तसं पत्र आलं, पत्रावर सही आहे, सहीखाली शिक्का आहे. आता हे तुम्ही वाचलंच नाही असं समजा. फेब्रुवारीत ते मलाही माहीत नव्हतं, आणि तुम्हाला माझ्याआधी कळलेलं मला बरं दिसत नाही.

तर मला कायम केलेलं नाही. मी एमेट स्कोगलंड, मिनेसोटात केटल लेकच्या शाळेत सहावीला विज्ञान शिकवतो. मला ठेवायचं की निरोप द्यायचा हे या वर्षाअखेर ठरणार आहे. केटल लेकमध्ये दुसरी शाळा नाही. सर्वांत जवळची शाळा पन्नास मैलांवर आहे आणि तिथे विज्ञान शिकवणारा माझा चुलतभाऊ आहे. त्याची तब्येत उत्तम आहे.

त्या हिवाळ्यात जिल्हा कार्यालयाने ‘सजग शिक्षक’ नावाचा उपक्रम काढला. पहिला ईमेल लाल झेंडा लावून आला: ‘तातडीचे. आपल्या श्वासाकडे लक्ष द्यावे. मुदत शुक्रवार दुपारी चार.’ मग प्रपत्र आलं. दर मंगळवारी तिसरा तास संपला की स्वस्थ बसायचं आणि तीन प्रश्नांची उत्तरं लिहायची. आज वर्गात काय जाणवलं? शरीरात काय जाणवलं? पुढच्या वेळी काय बदलाल? प्रत्येक उत्तर किमान वीस शब्दांचं. एकोणीस शब्दांइतकंच जाणवलं असेल तर यंत्र प्रपत्र परत पाठवायचं.

आत्मपरीक्षणाला माझी ना नव्हती. सवड नव्हती, एवढंच. म्हणून जानेवारीतल्या एका रविवारी दुपारी हॉकीचा सामना बघता बघता मी पुढच्या आठ मंगळवारांचं आत्मपरीक्षण उरकून टाकलं आणि प्रत्येक प्रपत्र आपापल्या तारखेला आपोआप जाईल अशी सोय करून ठेवली. मध्यंतरात पाचवा मंगळवार लिहिला. आमचा संघ पुढे होता, त्यामुळे तो जरा भरात लिहिला गेला:

‘आज तिसऱ्या तासाला वर्गात एक गाढ शांतता जाणवली. एकाही मुलाने व्यत्यय आणला नाही. मी कसलीही घाई केली नाही. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच मला घड्याळाची टिकटिक ऐकू आली. खांदे सैल होते. श्वास खोल होता. पुढच्या वेळी मी काहीही बदलणार नाही, कारण बदलण्यासारखे काही शिल्लक राहिलेले नाही.’

पाचव्या मंगळवारी पहाटेपासून वीस इंच बर्फ पडला. रेडिओवर बंद शाळांची यादी वाचली, त्यात आमची पहिली होती. मी घरी पायजम्यावर पॅनकेक खात होतो. सव्वाअकराला, ठरल्याप्रमाणे, माझी गाढ शांतता जिल्हा कार्यालयात पोहोचली. जिल्हा कार्यालय सत्तर मैल दक्षिणेला आहे. तिथे त्या दिवशी छान ऊन होतं.

पुढच्या आठवड्यात मुख्याध्यापक ड्वेन पेलेटिए यांनी मला मधल्या सुट्टीत शिक्षक-खोलीत गाठलं. टेबलावर कुणीतरी घरून करून आणलेल्या लिंबाच्या वड्यांचं ताट होतं आणि ताटात शेवटची वडी होती. आमच्याकडे शेवटची वडी कुणी उचलत नाही. येणारा प्रत्येक जण तिचा अर्धा तुकडा घेतो आणि अर्धा ठेवतो. त्या वेळी ती वाटाण्याएवढी उरली होती, म्हणजे अजून तीन-चार माणसांची सोय होती.

“स्कोगलंड,” पेलेटिए म्हणाले, “तुझं प्रपत्र जिल्ह्यात पहिलं आलं.”

“कुठलं?”

“शांततेचं. एक्केचाळीस शाळांना नमुना म्हणून पाठवलंय. डॉक्टर व्हेल्च, म्हणजे हा उपक्रम ज्यांनी काढला त्या, स्वतः येतायत. पुढच्या गुरुवारी, तिसऱ्या तासाला. त्यांना ती शांतता बघायचीय.”

“बघायचीय?”

“तुझ्या नोकरीचा शेराही त्याच लिहिणार. एकाच खेपेत दोन्ही कामं. खरं सांगू का, मला नवल वाटलं. मी तुझ्या वर्गावरून जातो तेव्हा आत कुणीतरी गोल केल्यासारखा आवाज येत असतो.”

“मी त्यांना हसवतो सर. हसत-खेळत शिक्षण.”

“हसणं ऐकू येतं,” पेलेटिए म्हणाले, वाटाण्याचा अर्धा भाग तोंडात टाकला आणि गेले.

कोपऱ्यात वर्ना लाहती बाई बसल्या होत्या. चौतीस वर्षं सहावीला गणित शिकवलेल्या, जूनमध्ये निवृत्त होणाऱ्या, आणि शाळेतल्या निम्म्या पालकांच्या, शिवाय खुद्द मुख्याध्यापकांच्या शिक्षिका. त्या खोलीत आल्या की पेलेटिए अजूनही उभे राहतात आणि मग आपण का उभे राहिलो ते न आठवून खिडकी उघडतात. उणे तीसमध्येसुद्धा.

“त्या मंगळवारी शाळा बंद होती,” बाई म्हणाल्या.

मी ताटाकडे बघितलं. वडीने मदत केली नाही.

“माझा रेडिओ बिघडलाय,” त्या म्हणाल्या. “मी समोरच राहते. आले चालत, बूट काढले, सगळ्या वर्गांतून फिरले. तुझ्या वर्गातही डोकावले. शांतता होती, गाढ. कुणी व्यत्यय आणला नाही. घड्याळाची टिकटिक ऐकू येत होती. तू लिहिलंस ते शब्दन्‌शब्द खरं आहे, एमेट. फक्त तू तिथे नव्हतास.”

मी हसलो. मला वाटलं, सुटलो.

“हसू नकोस,” त्या म्हणाल्या. “तू इतर दिवशीही नसतोस.”

हे त्यांनी “मीठ दे” म्हणावं तसं म्हटलं. त्यामुळे राग येण्याआधी माझा हात खरोखरच मिठाकडे गेला.

“मग मी काय करू? जाऊन कबूल करू?”

“ते तुझं तू बघ. गुरुवारपर्यंत तीन दिवस मिळतात, सोमवार, मंगळवार, बुधवार. तिसऱ्या तासाला मी रिकामी असते. मागे बसेन.”

“तुम्ही मला शांतता शिकवणार?”

“छे रे. मोजणार.”

सोमवारी मी त्यांना दारातच गाठलं. केटल लेकमध्ये हिवाळ्यात प्रत्येक जण शाळेत आला की बर्फातले बूट काढतो आणि आतले जोडे घालतो. आम्ही सगळे ते एका पायावर नाचत, फोनवर बोलत, भिंतीला धडकत उरकतो. लाहती बाई बाकावर बसतात. एक नाडी, दुसरी नाडी. या वेळात त्या कुणाशी बोलत नाहीत. एकदा आगीची घंटा वाजली तेव्हाही त्यांनी दुसरी नाडी पुरी केली होती, अशी आख्यायिका आहे.

दुसरा जोडा घालून झाल्यावर त्या म्हणाल्या, “बोल.”

“हे ध्यान आहे का?”

“हे बूट आहेत. काढताना बघते, आज घरून काय काय घेऊन आलेय. भावाशी भांडण, गुडघा, जे असेल ते. बुटाबरोबर बाहेर ठेवते. जाताना पुन्हा घालायचंच असतं, हरवत नाही.”

मीही बाकावर बसलो. एक बूट काढला. घरून मी काय घेऊन आलो होतो? गुरुवार. नुसता गुरुवार, दोन्ही बुटांत.

तिसऱ्या तासाला त्या मागच्या बाकावर बसल्या. अंगात खिशांचा स्वेटर, डाव्या खिशात सूपचे वाळलेले घेवड्याचे दाणे. मी प्रश्न विचारून उत्तर यायच्या आत स्वतःच बोललो की एक दाणा डावीकडून उजवीकडे. मला वाटलं होतं, पाच-सहा होतील. तास चांगला रंगला. मी घनतेवर एक विनोद केला, लोण्यावर दुसरा, माझ्या चुलतभावावर तिसरा. मुलं बाकावरून घसरली.

तास संपल्यावर बाईंनी उजवा खिसा टेबलावर रिकामा केला. त्रेचाळीस.

“यात विनोदही धरलेत?”

“मुख्यतः तेच. तू गमतीदार आहेस, तीच अडचण आहे. तू प्रश्न विचारतोस, पोरं विचार करायला लागतात, तेवढी शांतता तुला सोसत नाही. मग तू त्यांना हसवतोस. हसली की ती विचार करायची थांबतात आणि तुला वाटतं, तास छान झाला.”

मी याच्यावरही एक विनोद करणार होतो. बाईंनी खिशात हात घातला. मी गप्प बसलो.

“आणि ती केझाया बुशार्ड,” त्या म्हणाल्या. “खिडकीजवळची. तिच्या प्रगतिपत्रकावर काय लिहिलंयस?”

“शांत मुलगी.”

“ती शांत नाही. सावकाश आहे. तिला उत्तराला दहा सेकंद लागतात आणि तू दोन देतोस. सप्टेंबरपासून ती आठ सेकंद मागे आहे.”

त्या दुपारी मी त्यांच्या तासाला जाऊन मागे बसलो, खिशात दाणे घेऊन. सूड म्हणा. बाईंनी फळ्यावर एक अपूर्णांक लिहिला, प्रश्न विचारला आणि खिडकीबाहेर बघत उभ्या राहिल्या, बस यायची असावी तशा. कुणीच काही बोललं नाही. मला घाम फुटला. मला ते उत्तर येत होतं आणि मी हात वर करणार होतो. मग एक पोरगा बोलला, चुकीचं. बाई म्हणाल्या, “असं कसं सुचलं, सांग बरं,” आणि पुन्हा बसची वाट बघायला लागल्या. सांगता सांगता त्या पोराला आपली चूक आपणच सापडली. त्याच्या चेहऱ्यावर खिशात विसरलेली नोट सापडल्यासारखा आनंद होता.

चार दाणे. चौतीस वर्षांनंतर चार. मी ते त्यांच्या हातावर ठेवले, जरा विजयाने.

“चार,” त्या म्हणाल्या आणि खाली बसल्या. “कुठे कुठे?”

मी सांगितलं. त्यांनी एक जाड कार्ड काढून ते चारही लिहून घेतले. कार्डाच्या माथ्यावर निळ्या फुलांच्या वेलबुट्टीत छापलेलं होतं: ‘वर्नाच्या स्वयंपाकघरातून’.

त्याची हकिगत अशी. बाईंच्या लग्नात मावशीने पाककृती लिहायची पाचशे कार्डं छापून द्यायचं ठरवलं आणि एक शून्य जास्त सांगितलं. पाच हजार आली. बाईंना पाककृती येतात अकरा. उरलेल्या कार्डांवर त्यांनी रोज शाळा सुटल्यावर त्या दिवसाची एक ओळ लिहायला सुरुवात केली. सत्तावीस वर्षांनी कार्डं संपत आली तेव्हा मावशी जिवंत होती. तिने यावेळी नीट लक्ष देऊन मागणी नोंदवली आणि पुन्हा पाच हजार आली.

बुधवारी शाळा सुटल्यावर त्यांनी मला घरी नेलं. पत्र्याच्या डब्यांची एक भिंतच होती. मी पहिल्या वर्षाचा डबा उघडला.

‘वर्नाच्या स्वयंपाकघरातून: प्रश्न मी विचारला, उत्तरही मीच दिलं. अकरा वेळा.’

‘वर्नाच्या स्वयंपाकघरातून: आज ड्वेनवर ओरडले. राग त्याचा नव्हता, छपराचा होता. गळतंय. उद्या त्याला सांगायचं.’

‘वर्नाच्या स्वयंपाकघरातून: सांगितलं. तो म्हणाला, डांबर लावा.’

‘वर्नाच्या स्वयंपाकघरातून: डांबर लावलं. थांबलं. ड्वेनला वाटतं तो गणितात कच्चा आहे. तो कच्चा नाही, घाबरतो. उद्यापासून त्याला फळ्याकडे बोलवायचं नाही, मीच त्याच्या बाकाशी जायचं.’

मध्येच टूना मासा घालून ओव्हनमध्ये भाजायच्या हॉटडिशची कृती होती. तिच्याही खाली लिहिलं होतं: ‘वाटाणे घाईत टाकले. कुठली घाई होती?’

मी दोन तास वाचत बसलो. कुठेही गाढ शांतता नव्हती. खांदे सैल झालेले नव्हते. सहा हजार वेळा एक बाई दिवसाअखेर बसली होती आणि आज आपण काय केलं ते स्वतःला विचारून गेली होती, न ओरडता, कौतुकही न करता. माझ्या आठ प्रपत्रांमध्ये माझी एकही चूक नव्हती. इथे चुकांशिवाय काही नव्हतं, आणि मला या शाळेत कुणासारखं व्हायचं असेल तर ते या बाईंसारखं, हे मला हॉटडिशच्या कार्डापाशी कळलं.

“तुम्ही हे कुणाला दाखवलं का नाही?”

“कशाला दाखवायचं? भांडी घासते, तीही कुणाला दाखवत नाही. आजची आज घासली की उद्या त्यांत रांधता येतं, एवढंच.” त्यांनी माझ्यापुढे कॉफी ठेवली. “आज किती झाले?”

“एकोणीस.”

“बरं आहे,” त्या म्हणाल्या. केटल लेकमध्ये याहून मोठी स्तुती नाही. माझ्या आजोबांनी आजीला मागणी घातली तेव्हा ती एवढंच म्हणाली होती.

गुरुवारी डॉक्टर व्हेल्च आल्या. त्या बाहेरगावच्या आहेत हे लगेच सगळ्यांना कळलं, कारण शिक्षक-खोलीत त्यांनी शेवटची वडी उचलली आणि खाऊन टाकली. खोलीत जी शांतता पसरली ती माझ्या प्रपत्रातल्यापेक्षा गाढ होती.

मी त्या सकाळी बाकावर बसूनच बूट काढले होते. एक नाडी, दुसरी नाडी. नोकरी डाव्या बुटात ठेवली, चुलतभावाला उजव्या.

तिसरा तास. मागे डॉक्टर व्हेल्च टॅबलेट घेऊन, शेजारी पेलेटिए, आणि त्यांच्या शेजारी लाहती बाई, खिशात हात. मी काचेच्या पेल्यात बर्फाचा तुकडा टाकला.

“बर्फ तरंगतो,” मी म्हणालो. “समजा, तो बुडाला असता. मग आपल्या तळ्याचं काय झालं असतं?”

कुणी बोललं नाही. मला एका बुडालेल्या जहाजावरचा विनोद सुचला. चांगला होता. मी तो गिळला. तीन सेकंद झाले. मला त्याच जहाजावरचा दुसरा सुचला, पहिल्यापेक्षा चांगला. पाच. डॉक्टर व्हेल्च काहीतरी लिहीत होत्या. आठ. मी खिडकीबाहेर बघितलं, बस येते का. दहा. आणि तेव्हा मला घड्याळाची टिकटिक ऐकू आली. ती खरोखरच ऐकू येते. मी नुसती अंदाजाने लिहिली होती.

तेविसाव्या सेकंदाला केझाया बुशार्ड म्हणाली, “तळं खालून भरत आलं असतं.”

मी काही बोललो नाही. बोलण्यासारखं होतं, तरी.

“म्हणजे बर्फ तळाशी,” ती सावकाश म्हणाली. “मग त्याच्यावर आणखी. मासे वर वर येत राहिले असते आणि शेवटी त्यांना जागाच उरली नसती. आणि बाबा बर्फात भोक पाडून गळ टाकतात ना, त्यांनी कितीही खोल भोक पाडलं असतं तरी खाली नुसता बर्फच. आपल्याकडे तळं नसतंच. आपण इथे राहायला आलोच नसतो.”

वर्ग हसला नाही. वर्ग खिडकीतून तळ्याकडे बघत होता. मग एकदम सात हात वर झाले.

तासानंतर डॉक्टर व्हेल्च म्हणाल्या, “मिस्टर स्कोगलंड, मी जरा गोंधळले आहे. मध्ये तेवीस सेकंद तुम्ही शिकवणं थांबवलंत. आमच्या तक्त्यात ते ‘वाया गेलेला वेळ’मध्ये जातं. आणि नंतर मुलं बरीच बोलली. त्या मंगळवारी मात्र पूर्ण तासभर शांतता होती. ती तुम्ही कशी साधलीत?”

लाहती बाई दाणे मोजत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

“त्या दिवशी शाळा बंद होती,” मी म्हणालो. “बर्फ पडला होता. ते मी जानेवारीतच लिहून ठेवलं होतं. आठही प्रपत्रं तशीच लिहिलीत. मी घरी पॅनकेक खात होतो.”

डॉक्टर व्हेल्चनी टॅबलेटवर बरीच बोटं फिरवली. “असं होऊच शकत नाही,” त्या म्हणाल्या. “त्या दिवशी तुमच्या तासाला गैरहजर विद्यार्थी शून्य आहेत.”

“हजेरीच घेतली नव्हती.”

“म्हणून शून्य. तास नोंदलेला आहे, प्रपत्र स्वीकारलेलं आहे, एक्केचाळीस शाळांनी ते भिंतीवर लावलंय. परत घेण्याची तरतूद नाही.” त्यांनी आवाज खाली आणला. “आमच्या दृष्टीने तुम्ही तो तास घेतला आहे. उत्तम घेतला आहे. आजचा तास तक्त्यात बसत नाही, त्याबद्दल मी काही लिहू शकत नाही. शेरा मुख्याध्यापकांनी द्यावा.”

त्या गेल्या. पेलेटिए बराच वेळ बर्फाच्या पेल्याकडे बघत बसले. तुकडा लहान होत होता आणि तरंगत होता.

“खोटं लिहिलंस,” ते म्हणाले.

“हो सर.”

“कुणी न विचारता कबूलही केलंस.” त्यांनी पेला फिरवला. “मी तुझा तास आधी दोनदा बघितलाय. दोन्ही वेळा पोट धरून हसलो आणि बाहेर आल्यावर तू काय शिकवलंस ते आठवेना. आज तेवीस सेकंद मला भयंकर वाटलं. आता डोक्यातून तळं जात नाही.” ते लाहती बाईंकडे वळले. “किती झाले, बाई?”

“सहा,” बाई म्हणाल्या. “ड्वेन, तुझी खिडकी उघडी राहिलीय तिकडे. शिक्षक-खोलीत आइस्क्रीम झालं असेल सगळ्यांचं.”

पेलेटिए पळाले. पत्र एप्रिलमध्ये आलं. ते तुम्ही वाचलेलं नाही.

जूनमध्ये शेवटच्या दिवशी शिक्षक-खोलीत बाईंचा निरोप झाला. भाषणं झाली नाहीत. बाईंनी पेलेटिएंना एकदा “बस” म्हटल्यावर पेलेटिए बसले. मला पत्र्याचा एक डबा मिळाला, आत साधारण चार हजार कोरी कार्डं, सगळ्यांवर ‘वर्नाच्या स्वयंपाकघरातून’. मी रोज एक लिहितो. बाहेरच्या कुणाला वाटेल, वर्ना हल्ली सहावीच्या वर्गात नको ते विनोद करते.

मग टेबलावर लिंबाची शेवटची वडी उरली. बाई उठल्या, त्यांनी ती अख्खी उचलली, सावकाश खाल्ली आणि बोटं पुसली. तेव्हा आम्हाला कळलं की त्या खरंच चालल्या.

त्याच संध्याकाळी मी जिल्हा कार्यालयाला पुढील अर्ज पाठवला. उत्तर अजून आलेलं नाही.

‘विषय: बुडालेला तास भरून काढण्याबाबत. महोदय, फेब्रुवारीतील पाचव्या प्रपत्राचा तिसरा तास आपल्या नोंदीनुसार झालेला असून प्रत्यक्षात झालेला नाही. हिमसुट्टीत बुडालेले तास वर्षाअखेर भरून काढावेत असा आपलाच नियम आहे. सदर तासाच्या वेळी वर्गात एकच व्यक्ती उपस्थित होती, श्रीमती वर्ना लाहती, त्यामुळे त्यांच्या उपस्थितीशिवाय तो तास भरून काढता येणार नाही. तरी तो तास वीस इंच बर्फ पडेल अशा दिवशी ठेवण्यात यावा, आणि तोपर्यंत त्यांची निवृत्ती झालेली नाही असे समजण्यात यावे, ही नम्र विनंती.’